वजा चारचं वर्गमूळ

सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर लाल कापड, त्यावर लॅपटॉप आणि लॅपटॉपला झेंडूचा हार. हार कीबोर्डवर लोंबत होता म्हणून एका काकूंनी तो अलगद उचलून स्क्रीनच्या मागे सरकवला आणि लॅपटॉपला हात जोडले. टेबलामागे अंकयोगी नंदकिशोर गुरुजी बसले होते. मोतिया कुर्ता, मनगटात तांब्याचं कडं, कानात ब्लूटूथ.

"यंत्राला बुद्धी असते, पण प्राण नसतो," गुरुजी माइकमध्ये म्हणाले. "प्राण कोण घालणार? तुमचा अंक घालणार! बोला, आज कुणाचं यंत्र अडलंय?"

"माझं गुरुजी," सुयोग उभा राहिला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा. तोंड एवढंसं झालेलं. त्याच्या सी लँग्वेजच्या प्रोग्रॅमला एकच काम होतं. आकडा विचारायचा आणि त्याचं वर्गमूळ सांगायचं. लॅपटॉप हॉलच्या टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळे सगळ्यांना दिसत होतं. सुयोगनं कमांड मारली आणि टीव्हीवर इंग्रजी ओळी उमटल्या. अनडिफाइन्ड रेफरन्स.

"पाहिलंत? यंत्र म्हणतंय, मला संदर्भ मिळत नाही. कुणाचा संदर्भ? याचा! हा कोण, कुठला, कुठल्या ग्रहावर आला, यंत्राला माहीतच नाही. जन्मतारीख बोल बाळ."

"सत्तावीस."

"दोन आणि सात नऊ. मंगळाचा अंक! त्या कंसात तू जे अक्षर लिहिलंयस ना, ते पूस. तिथे नऊ घाल. डोळे मिटून घाल."

डोळे मिटून टाइप करणं सुयोगला जमेना, तेव्हा बाजूला बसलेल्या मिथुननं नऊ दाबला. मिथुन म्हणजे गुरुजींचा पहिला भक्त, आणि लॅपटॉपही त्याचाच. पुन्हा कमांड मारली. एरर गायब. टीव्हीवर उत्तर आलं, तीन.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी घंटी वाजवली. पुढच्या रांगेतल्या दोन आया उठून मोबाइलवर फोटो काढायला लागल्या.

मी मागे चपलांच्या रॅकपाशी उभी होते. माझं नाव मधुवंती. इथे चारकोपमध्येच एका डिप्लोमा कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते, पोरांची प्रॅक्टिकल्स घेते. म्हणजे ही सगळी पोरं माझीच. खरं तर मला संताप यायला हवा होता. आला नाही. पावसाळ्यात आई गेली, तेव्हापासून मला काही येतच नव्हतं, ना राग ना रडू. आमटी बेचव लागायची म्हणून मी मीठ बघायचे, तर मीठ बरोबर असायचं. तशा अवस्थेत मी त्या हॉलमध्ये गेले होते आणि गेले ती फक्त अक्षता या माझ्या एका विद्यार्थिनीसाठी.

आईच्या आजारपणात मी लांब रजेवर होते. तेवढ्यात लॅबमध्ये नवे पीसी आले. जुन्या पीसींवर पोरं वर्षानुवर्षं एकच कमांड मारत आली होती. सीनियरनं ज्युनियरला सांगायची, त्यानं त्याच्या ज्युनियरला. त्या कमांडमध्ये काय आहे असं कधी कुणी विचारलं नाही, कारण ती चालत होती. नव्या पीसींची सिस्टीम वेगळी होती. तिथे वर्गमुळाच्या प्रोग्रॅमपाशी गाडी अडली. माझ्या जागी कुणी नेमलेलं नव्हतं. मिथुनच्या आईनं त्याला गुरुजींकडे नेलं, गुरुजींनी आकडा दिला, आकडा चालला. मग काय, रांगच लागली.

मी कामावर परत आले तेव्हा प्रत्येक मॉनिटरवर गुरुजींचा तांबड्या रंगाचा स्टिकर होता आणि प्रत्येकाच्या प्रोग्रॅममध्ये कंसात त्याचा त्याचा आकडा. अक्षता तेवढी कोपऱ्यात बसलेली, शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

"तिथे का गं बसलीस?" मी विचारलं.

"बाकीच्यांना त्रास नको मॅडम."

"कसला त्रास?"

उत्तर मिथुननं दिलं. "मॅडम, तिचं मशीन ऐकतच नाही. गुरुजींचा आकडा घालूनपण नाही. आख्ख्या बॅचमध्ये हिची एकटीचीच एरर जात नाही. गुरुजी म्हणाले, हिचा अंक वक्री आहे. शेजारच्या पीसीची पण वाट लागते."

"कुणाच्या पीसीची लागली?"

"अजून नाही लागली. पण रिस्क कशाला ना?"

अक्षता हे सगळं ऐकत होती, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं. मी रजेवर जाण्याआधी हीच पोरगी लॅब बंद करायची वेळ झाली तरी उठायची नाही. "मॅडम, एकदाच, शेवटचं," म्हणून हट्ट करायची. आता तिच्या आवाजात काहीच नव्हतं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, मी सध्या तसंच बोलत होते.

"आईनं कॉलेज सोडायचा अर्ज दिलाय," ती म्हणाली. "मनोरीला मावशीची कॉटेजेस आहेत. तिथे पाहुण्यांचं बघायला माणूस हवाय. गुरुजी म्हणाले, पाण्याजवळ राहिले तर दोष कमी होईल. यंत्रापासून लांब."

"आणि तुला जायचंय?"

"माहीत नाही." मग म्हणाली, "मला प्रोग्रॅमिंग आवडायचं मॅडम."

ते 'आवडायचं' मला लागलं. कुठे लागलं ते कळलं नाही, पण लागलं. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. मागे कुणीतरी "मॅडम, जपून" म्हणालं. स्क्रीनवर तिचा प्रोग्रॅम होता. नीटनेटका, एक ओळ इकडची तिकडे नाही. कंसात लिहिलं होतं, वजा चार.

"हे वजा कशाला?"

"माझी तारीख तेरा. एक आणि तीन चार. पण अंक वक्री, म्हणून गुरुजींनी आकड्याच्या आधी आडवी रेघ ओढायला सांगितली."

मी स्क्रीनवरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "अक्षता, वजा चारचं वर्गमूळ किती?"

"नसतं मॅडम. आपल्या साध्या आकड्यांत तरी नसतं."

"मग हे तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणाले, बघा, बुद्धी आडवी येतेय."

मी तिला रेघ पुसायला लावली. प्रोग्रॅम चालला. उत्तर आलं, दोन. ती स्क्रीनकडे बघतच राहिली. "आता मनाला येतील ते आकडे घाल," मी म्हटलं. तिनं पाच घातला, सतरा घातला, कायच्या काय आकडे घातले. सगळे चालले. पहिल्यांदा तिच्या कपाळाला आठी पडली. जुनी अक्षता त्या आठीत होती.

पण एवढ्यानं भागलं नाही. मिथुन म्हणाला, मॅडमचा हात लागला म्हणून चाललं. आमचे हर्षद सर, जे थिअरी शिकवतात, ते म्हणाले, "अहो मॅडम, पोरांचे प्रोग्रॅम चालतायत ना? मग झकास. कशाला हात घालताय?" मी म्हटलं, परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक स्वतः आकडा देईल, तेव्हा काय करणार? सर म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. आणि अक्षताची आई प्रेमा, तिला मी फोन केला तर ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या लॅबात चालान काय उपयोग? गुरुजींच्या समोर चालाक होया. लोकांनी माझ्या चेडवाक नावा ठेवलीहत, ती लोकांच्या समोरच पुसाक होयी."

बाईचं म्हणणं बरोबर होतं, लेकीला लोकांसमोर लागलेला डाग लोकांसमोरच पुसायला हवा होता. मग दोन दिवस अक्षता आणि मी लॅबमध्ये बसून सगळं तपासलं, आणि रविवारी संध्याकाळी हॉलवर गेलो.

सुयोगच्या टाळ्या थांबल्या तशी अक्षता पुढे गेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या मुलीला दंडाला धरून जवळ ओढलं. मी ते पाहिलं. अक्षतानंही पाहिलं.

"गुरुजी, माझंही अडलंय," ती म्हणाली.

"बाळ, तुला मी सांगून चुकलो," गुरुजी फार प्रेमानं बोलले. "यंत्राचं आणि तुझं मागच्या जन्मीचं वैर आहे. तू पाण्याजवळ जा."

"जाते. त्याआधी सुयोगच्या प्रोग्रॅममध्ये दुसरा आकडा घालून बघू का?"

"दुसऱ्याचा अंक? त्याच्या प्रोग्रॅममध्ये?" गुरुजी मागे सरले. "यंत्र पेटेल!"

"पेटू दे," मी मागून म्हणाले. सगळ्या माना वळल्या.

"मॅडम!" मिथुन किंचाळला. "लॅपटॉप माझा आहे यार!"

हॉलमध्ये हशा पिकला आणि त्या हशात अक्षतानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "कुणीतरी आकडा सांगा."

"तेरा!" मागून एक काका ओरडले. मुद्दाम अशुभ सांगितला असणार. अक्षतानं तेरा घातला. तीन पॉइंट सहा. "बावन्न!" चाललं. "आमचा फ्लॅट नंबर, चारशे चार!" तेही चाललं. लॅपटॉप जागच्या जागी होता. हार तेवढा घरंगळून खाली पडला.

"माझ्या सान्निध्यात सर्व अंक प्रसन्न होतात," गुरुजी म्हणाले. माणूस हुशार, त्यात वाद नाही.

"मग माझाही व्हायला हवा," अक्षता म्हणाली आणि तिनं वजा चार घातला. टीव्हीवर एरर आली. अनडिफाइन्ड रेफरन्स.

"बघा!" गुरुजी उभेच राहिले. "मी काय म्हणत होतो? वक्री! डोळ्यांसमोर!"

प्रेमा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. माझ्या छातीत धडधडायला लागलं की नाही, ते मी तपासलं. नव्हतं.

"सुयोग," अक्षता म्हणाली, "आता तू ये. तुझा नऊ ना? वजा नऊ घाल."

सुयोगनं घातला. तीच एरर. मिथुननं त्याच्या आकड्याआधी वजा लावला. तीच एरर.

"म्हणजे आम्ही सगळेच वक्री?" सुयोग म्हणाला.

"गुरुजी, तुमचा अंक कोणता?" अक्षतानं विचारलं.

"एक," गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "सूर्याचा."

तिनं वजा एक घातला. एरर आली. आता मात्र हॉल फुटला. काका मांडीवर थापा मारून हसत होते. घंटीवाल्यानं घंटी वाजवली, कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. "हे कुणी शिकवलंय ते दिसतंय. या मॅडमच्या घरात नुकतंच काय घडलं, चारकोपला माहीत आहे. यांची मावशी माझ्याकडे आली होती. मी अंक देत होतो. यांनी नाकारला. आई राहिली का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल मला. झालं नाही. मी चपलांच्या रॅकपासून टेबलापर्यंत चालत गेले आणि त्यांच्या हातातून माइक घेतला.

"माझ्या आईला कॅन्सर होता," मी म्हटलं. "डॉक्टर चांगले होते. औषधं वेळेवर दिली. तरी ती गेली, कारण आजार फार पुढे गेला होता. त्यात तिचा अंक नव्हता, माझा नव्हता, कुणाचाच नव्हता. आणि गुरुजी, तुम्ही वर्गमुळाबद्दल जे सांगितलंत ते इथल्या इथे खोटं ठरलं. मग आईबद्दल सांगताय ते मी का मानू?"

मग प्रेमाच भिंतीपासून पुढे आली. "मॅडम, माका कळात असा सांगा. गुरुजींचो आकडो चालत होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो कसो?"

"सांगते. सोळाचं वर्गमूळ किती, प्रेमाताई?"

"चार," ती म्हणाली. "सातवीपर्यंत शिकलंय मी."

"ते सांगायला वही लागली? कॅल्क्युलेटर लागला?"

"नाय."

"कॉम्प्युटरलाही लागत नाही. प्रोग्रॅममध्ये तुम्ही आकडाच लिहून टाकला, सोळा, नऊ, तेरा, कुठलाही, तर कॉम्प्युटर प्रोग्रॅम तयार करतानाच उत्तर काढून आत लिहून ठेवतो. काम संपलं. पण 'समोरचा माणूस सांगेल त्या आकड्याचं वर्गमूळ काढ' असं म्हटलं की आधी काढून ठेवता येत नाही. मग त्याला वर्गमूळ काढायची रीत लागते. ती रीत एका वेगळ्या लायब्ररीत ठेवलेली असते, गणिताच्या लायब्ररीत. पोरांनी प्रोग्रॅममध्ये तिचं नाव घेतलेलं आहे. पण नाव घेऊन काय होतंय? तुम्ही कालवणाच्या कृतीत मालवणी मसाला लिहिलात आणि मसाल्याचा डबाच घरात आणला नाहीत, तर?"

"कालवण कसा होतला?" प्रेमा म्हणाली.

"तेच. प्रोग्रॅमचे सगळे तुकडे एकत्र जोडणारा एक भाग असतो, त्याला लिंकर म्हणतात. तो डबा शोधतो, डबा सापडत नाही, म्हणून तो ओरडतो. 'तुम्ही ज्याचं नाव घेतलंत ते मला मिळालं नाही.' एवढाच त्या एररचा अर्थ. त्यात कुणाची जन्मतारीख येत नाही. जुन्या पीसींवर हा डबा आपोआप मिळायचा. नव्यांवर मागावा लागतो."

"आणि वजा?" सुयोगनं विचारलं.

"वजा आकड्याचं वर्गमूळ त्याला आधी काढून ठेवता येत नाही, कारण ते नसतंच. म्हणून तो ते काम लायब्ररीवर सोपवतो. लायब्ररी जोडलेली नाही. झाली एरर. गुरुजींनी सगळ्या बॅचमध्ये वजा एकाच पोरीला दिला आणि तिचीच एरर गेली नाही, म्हणून तिलाच दोषी ठरवलं."

अक्षता मधल्या वेळात टाइप करत होती. तिनं सुयोगचा मूळ प्रोग्रॅम परत आणला, आकडा विचारणारा. कमांड तीच, फक्त शेवटी एक डॅश आणि एल एम ही दोन अक्षरं जोडली. "गणिताचा डबा पण घे, असं सांगितलं," ती सगळ्यांना म्हणाली. एंटर मारला. एरर आली नाही. टीव्हीवर प्रश्न आला आणि पुढे काळी रेघ लुकलुकत राहिली.

"आता हा विचारतोय," अक्षता म्हणाली. "गुरुजींचा आकडा घातलेला प्रोग्रॅम काहीच विचारत नव्हता. परीक्षेत सरांनी एक्क्याऐंशी म्हटलं असतं तरी सुयोगचं उत्तर तीनच आलं असतं. शंभर म्हटलं तरी तीन. आई, तू सांग आकडा."

प्रेमा टीव्हीकडे बघत होती. "वजा चार," ती म्हणाली. "तोच घाल."

अक्षताचा हात थांबला. मग तिनं घातला. एरर नाही. उत्तराच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं आली.

"एन ए एन," अक्षतानं वाचलं. "म्हणजे याचं उत्तर आकड्यात सांगता येत नाही."

"जे नाही ते नाही म्हणून सांगतंय," मी म्हटलं. "मशीन एवढं तरी प्रामाणिक आहे."

प्रेमा मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्या चेडवात कायच खोट नाय हुती?"

"नव्हती."

"आणि मी तिच्या नावाचो अर्ज देऊन इलंय." तिनं कपाळावर हात मारला. मग पुढच्या रांगेकडे वळली, त्या मुलीला ओढून घेणाऱ्या बाईकडे. "ऐकलास गो? कायच खोट नाय हा! उद्या सकाळी जाऊन अर्ज फाडतंय मी!"

अक्षतानं कीबोर्डवरून हात काढले आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मोठमोठ्यानं, लहान मुलासारखी. प्रेमा धावत गेली. मी माइक हातात धरून उभी होते आणि मला त्या पोरीचा हेवा वाटला. मग लक्षात आलं, हेवा वाटला. काहीतरी वाटलं.

लोक पांगले. मिथुननं लॅपटॉपवरचा स्टिकर नखानं खरवडायला घेतला होता. मी चपला शोधत होते तेव्हा गुरुजी शेजारी येऊन उभे राहिले. ब्लूटूथ कानातून काढलेला.

"मॅडम, म्हणजे खरंच कुठलाही आकडा चालला असता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"वजा सोडून कुठलाही."

"मला वाटायचं मीच..." त्यांनी ब्लूटूथ खिशात टाकला. "आता मुलं कमी येतील. पण आजाऱ्यांचं चालूच राहील," ते म्हणाले, दुकानातल्या माणसानं सांगावं तितक्या सहज, आणि गेले.

अक्षता आता लॅबमध्ये मधल्या रांगेत बसते. परीक्षेत परीक्षकानं तिला आकडा दिला, तिनं उत्तर काढून दाखवलं, आणि वर सांगितलं की सर, वजा पण घालून बघा. बंद करायच्या वेळेला ती परत हट्ट करते. मी दहा मिनिटं देते.

मी गुरुजींच्या त्या आजाऱ्यांबद्दलच्या वाक्याचा विचार करत राहते. त्यांचं बरोबर आहे. प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघता येतो, म्हणून ते एका संध्याकाळात उघडे पडले. माझी आई पुन्हा आजारी पाडून, या वेळेला आकडा घालून बघता येत नाही. जिथे पुन्हा करून बघता येत नाही, तिथेच या लोकांचं दुकान चालतं. तिथे दुःख असतं आणि दुःखात माणूस तपासत नाही, मीही तपासलं नसतं कदाचित. म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. तुम्हाला कुणी आकडा दिला, अंगारा दिला, दोरा दिला आणि तो चालला, तर हात जोडण्याआधी एक करा. दुसरा आकडा घालून बघा. मग कुठलाच न घालता बघा. देणारा बघू देत नसेल, तर तिथूनच घरी या. आणि तो तुमच्या लेकीत खोट आहे म्हणत असेल, तर तिला कोपऱ्यात बसवण्याआधी तिच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसा आणि ती काय म्हणतेय ते ऐका. अक्षतानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वजा चारचं वर्गमूळ नसतं.